आत्याचं घर शाळेच्या नावे

आत्याने मृत्युपत्राचा विषय काढला तेव्हा ती ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती. रविवार होता. मी वाणगावहून रिक्षाने वरोरला आले होते. तिच्या समोर बसून मीही थोडी कोलंबी सोलावी, एवढंच काम असेल असं मला वाटलं होतं.

"मी गेल्यावर हे घर शाळेला द्यायचं ठरवलंय," ती म्हणाली. "वकिलांकडे जायला हवं. तुला सुट्टी कधी मिळेल ते सांग."

"कुठल्या शाळेला?"

"माझ्या. दुसरी कुठली असणार?"

तिची शाळा तलासरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पहिल्या नेमणुकीपासून निवृत्तीपर्यंत तिने तिथे भूगोल शिकवला. वरोरच्या घरापासून तिथे जायचं तर आधी वाणगाव, मग डहाणू, मग तलासरी आणि तिथून जीपने आत. एवढ्या लांबचं घर घेऊन शाळा काय करणार, असं मी विचारलं. विकून टाकतील, दुसरं काय.

"विकायचं नाही. पोरांनी येऊन राहायचं," ती म्हणाली. "आणि ती टरफलं तिथे टाकू नकोस, मांजर ओढत नेते."

आत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे कोणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची आणि पुढचं काम हातात घ्यायची. आजोबांनी हयातीतच वाडीच्या टोकाचा, समुद्राकडचा एक तुकडा तिच्या नावावर करून दिला होता. निवृत्त झाल्यावर तिने तिथे घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि समुद्राच्या बाजूला लांबलचक पडवी. पडवी घराच्या मानाने फारच मोठी होती. गवंड्यानेही तेव्हा तिला तसं सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही.

नोकरीच्या काळात ती आठवडाभर शाळेजवळ खोली घेऊन राहायची आणि शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे यायची. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्या पिशवीत शेवळं असायची, नंतर कंटोळी, अशा रानभाज्या. मुलांच्या आया द्यायच्या. सोमवारी पहाटे परत निघताना त्याच पिशवीत आई सुके बोंबील आणि जवळा भरून द्यायची. दादाला आणि मला तिच्या वर्गातली मुलं न बघताच ओळखीची झाली होती. कोण नदी ओलांडून येतो, कोणाला नकाशात स्वतःचं गाव सापडत नाही म्हणून रडू आलं, कोण फळा पुसायच्या निमित्ताने वर्गाबाहेर जाऊन बोरं खातं, सगळं आम्हाला ठाऊक असायचं.

त्या रविवारी तिने मला एका सहलीची गोष्ट सांगितली. ती मी आधी कधी ऐकली नव्हती.

सातवीला भरती-ओहोटीचा धडा होता. ती परातीत पाणी घेऊन वर्गात जायची आणि परात तिरकी करून दाखवायची. एका मुलीने विचारलं, "बाई, पाणी गेल्यावर मासे कुठे राहतात?" आत्याचा जन्म किनाऱ्यावरचा. तिला ते सांगता यायला हवं होतं. पण खाजण, चिखलातल्या पाण्याच्या नाळी, खडकांतली डबकी, यातलं एकही ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना काय सांगायचं हेच तिला कळेना. शाळेमागच्या डोंगरावरून थंडीत, हवा स्वच्छ असली की समुद्राची बारीक रेघ दिसते. मुलं म्हणायची, ते आभाळच आहे.

मग तिने मुख्याध्यापकांच्या मागे लागून सहल काढायला लावली. दिवस शाळेने ठरवला, शाळेच्या सोयीने. तिथी कोणी पाहिली नाही. बस किनाऱ्याला पोचली तेव्हा दुपार होत आली होती आणि नेमकी अष्टमी होती. आमच्याकडे अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी असते, आणि आमचा किनारा असा की ओहोटीला पाणी कुठच्या कुठे जातं. समोर नुसता चिखल. मुलं बंधाऱ्यावर उभी राहिली, बघत राहिली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, समुद्र घरी नाही."

"सगळे हसले," आत्या म्हणाली. "मीपण हसले. मग डबे खाल्ले, बसवाला घाई करायला लागला, आम्ही निघालो. पोरं समुद्र बघून आली म्हणून शाळेच्या फळ्यावर लिहिलं. त्यांनी काय बघितलं? चिखल."

ती हात धुवायला उठली आणि आतून म्हणाली, "समुद्र बघायचा तर मुक्कामाला यावं लागतं. पडवी उगाच एवढी मोठी बांधली का मी?"

डहाणूचे वकील आमच्या वाडीचे कागद पूर्वीपासून बघायचे. त्यांनी आत्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की घर शाळेच्या नावावर होणार नाही, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या नावावर होईल. आत्याला ते आवडलं नाही.

"संस्थेला कशाला? मी मुलांना देतेय."

"मुलं मोठी होऊन जातात, बाई. पुढच्या मुलांसाठी कोणीतरी कायम असायला हवं ना?"

हे तिला पटलं. मग तिने अटी सांगायला सुरुवात केली. घर विकायचं नाही. मुलांनी निदान एक रात्र राहायचं. शेजारच्या काकूंना अंगणात बोंबील वाळत घालू द्यायचे. मांजराला रोज खायला घालायचं. वकिलांनी पेन खाली ठेवलं.

"मांजर मृत्युपत्रात नको. आणि अटी फार झाल्या तर संस्था घर नाकारेल. तो त्यांचा हक्क आहे."

"दिलेलं घर कोणी नाकारतं?"

"नाकारतात. जबाबदारी नको असते. तुम्ही आधी विचारून या."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं तर माझ्याही नाही.  परतताना वाणगाव आल्यावर ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. घरी पाहुणा आणायचा तरी आपण विचारतो."

मधल्या काळात मी दादाला फोनवर हे सांगितलं. तो विरारला असतो. पुढच्याच रविवारी तो वरोरला येऊन थडकला. त्याला घर हवं होतं असं मी म्हणणार नाही. त्याचं त्याला पुरेसं आहे. पण तो याच किनाऱ्यावर आत्याचा हात धरून पोहायला शिकला होता, आणि आमच्या आईवडिलांच्या मागे सुट्टीत जायला दुसरं ठिकाण उरलं नव्हतं.

"मला एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

"विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

 दादा म्हणाला, "माझ्या पोरांनी सुट्टीत जायचं कुठे?"

"इथेच यायचं. शाळेच्या पोरांबरोबर पडवीत झोपायचं. त्यांना कोण अडवणार आहे?"

दादा जेवला, पण नेहमीसारखा दुसऱ्यांदा भात न घेता उठला. आत्याने ते पाहिलं. 

शाळेत आम्ही थंडीच्या दिवसांत गेलो. मुख्याध्यापक आत्याच्या हाताखालचे. गणिताचे तरुण शिक्षक म्हणून ते रुजू झाले तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांना आत्यानेच जेवायला घातलं होतं. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "पण घर सांभाळणार कोण? पावसाळ्यात कौलं फुटणार, खारी हवा आहे, दारं सडणार. आणि पोरांना समुद्रावर नेलं, एखाद्याचं काही बरंवाईट झालं तर आईबापांना मी काय तोंड दाखवू?"

मला वाटलं, आता आत्या चिडणार. ती उलट खुर्चीत सावरून बसली. दुरुस्तीसाठी बँकेतली ठेव ती घराबरोबरच देणार होती, व्याजातून कौलं आणि दारं होतील. शेजारच्या काकू झाडलोट करायला तयार होत्या. आणि त्यांचे यजमान जन्मभर होडीवर गेलेले, मुलं बंधाऱ्याखाली उतरली की ते सोबत असतील, एका वेळी थोडीच मुलं उतरतील. हे सगळं ती आधी बोलून आली होती, मला न सांगता.

सरांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग तुम्ही जाईपर्यंत थांबायचं कशाला? येत्या पौर्णिमेला नववीच्या मुलांना घेऊन येतो. जमतंय का ते तुमच्यासमोरच कळेल."

आत्याने पिशवी उचलली आणि सरांचा निरोप घेतला.  जीपमध्ये बसल्यावर ती हळूच म्हणाली, "मी असताना?"

ती एकटी राहायची आणि तिला ते आवडायचं. तिचा कप ठरलेल्या जागी, चष्मा ठरलेल्या खिळ्याला, दुपारी रेडिओ ठरलेल्या वेळी. घर द्यायला ती एका पायावर तयार होती, पण त्या घरात ती स्वतः असणार हे तिने धरलंच नव्हतं. डहाणू येईपर्यंत ती एकामागून एक अडचणी काढत होती. पाण्याची टाकी पुरणार नाही. संडास एकच आहे. आपल्याला एवढा भात शिजवायची सवय नाही.

"मग नको म्हणून कळवू?" मी विचारलं.

"असं कुठे म्हणाले मी," ती म्हणाली.

पौर्णिमेला दुपारनंतर दोन जीप भरून मुलं आली. शाळेने डोंगरातला तांदूळ पाठवला होता, शिवाय वाल आणि भोपळे. पिशव्या पडवीत टाकून मुलं थेट बंधाऱ्याकडे पळाली आणि तशीच परत आली. पौर्णिमेला संध्याकाळी ओहोटी असते. समोर पुन्हा चिखल.

"उद्या," आत्या म्हणाली.

रात्री मुलं पडवीत ओळीने झोपली आणि सकाळी उठून पाहतात तर पुन्हा तोच चिखल. एक मुलगा शपथेवर सांगत होता की झोपेत त्याने पाण्याचा आवाज ऐकला, अगदी भिंतीशी. मग सगळे आत्यावर रुसले. समुद्र येऊन गेला आणि बाईंनी उठवलं नाही.

"तो पुन्हा येतोय," आत्याने सांगितलं. "आधी भाकरी खा. मग प्रत्येकाने समोरचा एकेक दगड मनात धरा. आपापला. कोणाचा कधी बुडतो ते बघायचं."

बंधाऱ्यावर तिला खुर्ची टाकून दिली. मुलांनी चिखलातल्या खडकांकडे बोटं दाखवून आपापले दगड सांगितले, त्यावरून दोघांची थोडी भांडणंही झाली. सगळे समोर बघत होते. लाट येणार ती समोरून, असं त्यांना वाटत होतं, आणि पाणी तर बाजूच्या नाळीतून गुपचूप आत शिरलं होतं. पहिल्यांदा ते एका मुलीला दिसलं. तिने आवाज न करता नुसता हात वर केला, वर्गात करतात तसा. मग एकेक नाळ भरत गेली. चिखलात खेकड्यांची बिळं होती, त्यांतून बुडबुडे आले. एकाचा दगड बुडाला, मग दुसऱ्याचा. पुढे पुढे कोणी बोलेनासं झालं. काही मुलं शेजारच्या काकांबरोबर खाली उतरून पाण्याच्या काठाकाठाने मागे मागे येत होती. पाणी एक पाऊल पुढे, ती एक पाऊल मागे. दुपारी पाणी बंधाऱ्याला लागलं आणि त्याचे शिंतोडे आत्याच्या साडीवर उडाले.

हात वर करणारी मुलगी आत्याच्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली होती.

"बाई, इथे एवढं आलं, मग दुसरीकडे कमी झालं असेल?"

"झालंय. आत्ता दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावर चिखल आहे."

"तिथली पोरं काय करत असतील?"

"बसली असतील वाट बघत," आत्या म्हणाली. त्यानंतर पृथ्वी आणि चंद्राबद्दल तिने जे सांगितलं ते मला सगळं कळलं नाही. पण मुलं माना डोलवत होती, आणि मुख्याध्यापक सर मागे उभे राहून ऐकत होते, एखाद्या विद्यार्थ्यासारखे.

मुलं गेल्यावर आत्या आडवी झाली आणि तक्रारी करायला लागली. गाद्यांना चिखल लागलाय, मोठी पळी सापडत नाही, रेडिओची बटणं कोणीतरी फिरवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला फोन केला तर तिचा फोन लागेना. ती सरांशी बोलत होती. आठवीची मुलं कधी येणार ते विचारायला.

मग मृत्युपत्र झालं. सह्यांसाठी दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं होतं. एक सही आमच्या डॉक्टरांनी केली. दुसऱ्या सहीसाठी आत्याने दादाला फोन केला.

"तुला मी काही देत नाहीये," ती म्हणाली, "म्हणून तुला बोलावतेय."

फोन स्पीकरवर होता.  दादा हसला. ते हसू ऐकून मला किती बरं वाटलं ते मी सांगू शकत नाही. तो आला. सही करण्याआधी त्याने कागद पहिल्या ओळीपासून वाचून काढला आणि एका शब्दाचं शुद्धलेखन दुरुस्त करायला लावलं. आत्या वकिलांना म्हणाली, "बघा, माझा विद्यार्थी."

त्यानंतर आत्या आणखी काही वर्षं होती. मुलं येत राहिली. तिने पडवीत खुंट्या ठोकून घेतल्या, दुसरा संडास बांधला, चटया आणल्या. ओरडायचीही खूप, आणि मुलं गेली की घर फार मोठं वाटतं म्हणायची. शेवटचा पावसाळा तिने माझ्या घरी वाणगावला काढला. दम लागायचा. खिडकीशी पलंग टाकला होता. पाऊस ओसरत आला तेव्हा तिने मला सांगितलं, "घर उघडून पुसून घे. कोंदट वास येत असेल. दिवाळीनंतर पोरं येतील." मी पुसून आले. दिवाळीच्या आधी ती गेली.

पुढचं काम माझं होतं. ग्रामपंचायत, संस्थेचं कार्यालय, परत ग्रामपंचायत. संस्थेच्या सभेत घर स्वीकारायचं ठरलं खरं, पण एका सभासदांनी सुचवलं की उन्हाळ्यात ते पर्यटकांना भाड्याने द्यावं. समुद्राकाठचं घर आहे, उत्पन्न होईल. मी गडबडले. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मृत्युपत्रात भाड्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, अटी कमी ठेवायच्या म्हणून.

दादा माझ्या शेजारी बसला होता. त्याला बोलायचं काही कारण नव्हतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "मी त्या कागदावरचा साक्षीदार आहे. सही करताना मला वाटलं होतं की घर माझ्या पोरांचं गेलं ते तुमच्या पोरांना मिळालं. पर्यटकांना द्यायचं असतं तर आत्याने आम्हालाच नसतं का दिलं?"

 मग ज्यांनी सुचवलं होतं तेच म्हणाले, "राहू द्या. पोरांसाठीच ठेवू." दादा खाली बसला. मी त्याचा हात माझ्या हातात घेतला.

आता शाळेला नव्या मुख्याध्यापिका आहेत. गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. मुलांच्या आया विचारत होत्या, पोरं बघून येतात, आम्ही कधी जायचं? मृत्युपत्रात मुलांचा उल्लेख आहे, आयांचा नाही, तर चालेल का? मी वकिलांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "आया आल्या म्हणून कोर्टात कोण जाणार आहे?"

भात कापून झाल्यावर त्या आल्या. मुलं बंधाऱ्यावर पुढे, आया मागे. काही जणी पाण्यात पाय घालून आल्या, एकीने बोट बुडवून चव घेतली आणि तोंड वाकडं केलं. मग बऱ्याच जणी शेजारच्या काकूंच्या, बोंबील वाळत घातलेल्या वलांडीपाशी जमल्या आणि भाव करायला लागल्या. अर्धं बोलणं एकमेकींना कळत नव्हतं, तरी सौदा झाला.

एक बाई मात्र आली ती पडवीतच थांबली. भिंतीला टेकून बसली, मग पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाली आणि वाऱ्यावर तिला झोप लागली. जेवणं झाली, मुलं आत-बाहेर करत राहिली. तिच्या मुलीने एकदा तिला हलवून उठवायला हात पुढे केला.

"झोपू दे गो तिला," शेजारच्या काकू म्हणाल्या. "जेवण झाकून ठेवलंय."

मुलगी आईच्या पायाशी बसून राहिली. उन्हं उतरेपर्यंत ती बाई झोपली होती, आणि आम्ही सगळ्या जणी पडवीतून जाताना पाय न वाजवता जात होतो.